छोट्या कंपनीचा शेअर घेताय? आधी विकायचं दार कुठे आहे ते बघा

२०२१ च्या दिवाळीनंतर मी एका छोट्या कंपनीचे ५,००० शेअर १८ रुपये ४० पैशांनी घेतले. ब्याण्णव हजार रुपये घातले. ऑफिसमधल्या मित्राने टेलिग्रामवरचा एक मेसेज दाखवला होता, तेवढ्या भरवशावर. पुढचे आठ दिवस रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात भावाला जेवढं वर जाता येतं तेवढा तो गेला, आणि भाव २७ च्या वर गेला. घरी बायकोला मी सांगूनही टाकलं की गच्चीवरच्या पत्र्याचं काम यातच होऊन जाईल. नवव्या दिवशी सव्वानऊला स्क्रीन उघडली, तर खरेदीच्या बाजूला पाचही ओळींत शून्य आणि विक्रीच्या बाजूला लाखो शेअरांची रांग. सलग अकरा दिवस रोज सकाळी मी विक्रीची ऑर्डर टाकायचो आणि साडेतीनला ती तशीच रद्द व्हायची. अकराव्या दिवशी १,१४० शेअर गेले, साडेपंधराच्या जरा खाली. उरलेले विकायला दोन महिने लागले, सरासरी ८ रुपयांच्या आसपास भाव मिळाला. ब्याण्णव हजारांचे एकोणपन्नास हजारसुद्धा परत आले नाहीत.

भाव पडू शकतो हे मला तेव्हाही माहीत होतं. पडत असताना आपल्याला विकताच येणार नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. छोट्या शेअरची जोखीम मोजायची तर पहिलं माप हेच. खाली जे लिहिलंय ते मी गेल्या काही वर्षांत शिकलो त्या क्रमाने नाही, तर ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने लिहिलंय. अमुक शेअर घ्या किंवा घेऊ नका, असा सल्ला यात नाही.

सुरुवातीला हाताशी काय ठेवाल

- डिमॅट आणि ट्रेडिंग खातं. विक्रीसाठी सीडीएसएलचा (आपले शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या संस्थेचा) टीपिन, म्हणजे विक्रीला संमती देण्याचा गुप्त क्रमांक, लागत असेल तर तो आधीच चालू करून ठेवा, ऐन घाईत शोधत बसू नका.
- बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या (एक्स्चेंजच्या) संकेतस्थळावरचं त्या कंपनीचं पान. सगळी कागदपत्रं तिथे फुकट मिळतात.
- कंपनीचे मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल.
- मागच्या किमान सहा तिमाहींचे निकाल आणि भागधारणेचे तक्ते.
- मागच्या सहा महिन्यांचे रोजचे व्यवहार: किती शेअर फिरले, त्यातले किती डिलिव्हरीत गेले, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता घेणाऱ्याच्या खात्यात जमा झाले.
- एक वही. मोबाईलमधली नोंद नको. का ते शेवटी सांगतो.

१. ‘छोटी’ म्हणजे किती छोटी, ते आधी ठरवा

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१७ साली म्युच्युअल फंडांसाठी व्याख्या केली. बाजारमूल्याच्या (सगळ्या शेअरांची मिळून किंमत) क्रमाने पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉलकॅप. ॲम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना ही यादी दर सहा महिन्यांनी नव्याने काढते. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण यादीतली २५१ वी कंपनी हजारो कोटींची असते आणि शेपटाची कंपनी वीस-तीस कोटींची. नाव दोघींचंही स्मॉलकॅपच. तुमच्या मित्राने म्युच्युअल फंडाच्या स्मॉलकॅप योजनेत पैसे कमावले असतील, तर तो अनुभव शेपटाकडच्या शेअरला लागू पडत नाही. मी इथे शेपटाकडच्याच शेअरबद्दल बोलतोय.

दुसरा सापळा भावाचा. ‘तीन रुपयांचा शेअर आहे, अजून किती पडणार?’ हे वाक्य मी चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकलंय. पण शेअर ३ रुपयांचा आणि संख्या ३०० कोटी असेल, तर कंपनीची किंमत ९०० कोटी झाली. तेवढ्या पैशात तुम्ही काय विकत घेताय, हा खरा प्रश्न. भावाचा आकडा किती फसवा असतो ते पाहायचं तर मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं उदाहरण घ्या. या कंपनीकडे एशियन पेंट्सचे कोट्यवधी रुपयांचे शेअर होते आणि तिचा स्वतःचा शेअर कागदोपत्री साडेतीन रुपयांच्या घरात पडून होता. त्या भावाला विकायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे व्यवहारच होत नव्हते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी बीएसईवर खास लिलाव झाला आणि भाव ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २ लाख ३६ हजार २५० वर गेला. असं पुन्हा घडेल म्हणून स्वस्त शेअर गोळा करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना एवढंच सांगणं आहे की तिथे मालमत्ता आधीपासून होती आणि ती ताळेबंदात कुणालाही वाचता येत होती.

२. दार मोजा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

बहुतेक छोट्या शेअरना रोजच्या चढउताराची मर्यादा असते: २, ५, १० किंवा २० टक्के. भाव खालच्या मर्यादेला टेकला की त्याखाली व्यवहार होत नाही. तेव्हा खरेदीदार आला तरच विक्री होते आणि त्या एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी लागली त्याचे शेअर आधी जातात. म्हणजे तुमच्या पुढे नऊ लाख शेअर रांगेत असतील आणि दिवसभरात वीस हजारांची खरेदी आली, तर तुमचा नंबर लागत नाही. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा नव्याने लागते.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. सलग दहा लोअर सर्किट (भाव खालच्या मर्यादेला टेकणं) लागली की १०० चे साठ रुपये होतात, चौदा लागली की निम्मे. वर जातानाही तोच हिशेब असतो, चौदा अप्पर सर्किटमध्ये पैसे जवळपास दुप्पट होतात. त्यामुळे मोह किती असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. पण अप्पर सर्किटच्या दिवसांत तुम्हाला हवे तेवढे शेअर मिळत नाहीत आणि मिळायला लागले की समजायचं, कुणीतरी मोठा विक्रेता बाहेर पडतोय. मला एका ऑर्डरमध्ये पाचही हजार शेअर सहज मिळाले होते. तेव्हा मी ते नशीब समजलो.

स्टॉपलॉस लावला की आपण सुरक्षित, असं नवीन मंडळी धरून चालतात. स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला तुमच्या वतीने टाकली जाणारी विक्रीची ऑर्डर. समोर घेणाराच नसेल तर तीही त्याच रांगेत जाऊन उभी राहते.

मग मोजायचं कसं? मी असं करतो. मागच्या सहा महिन्यांचे रोजचे व्यवहार काढायचे. सरासरी बघायची नाही, कारण दोन-चार गजबजलेले दिवस सरासरी फुगवून ठेवतात. सगळ्यात मंद असे दहा दिवस निवडायचे आणि त्या दिवशी एकूण किती रुपयांचे शेअर डिलिव्हरीत गेले ते वहीत लिहायचं. समजा रोजचा व्यवहार सरासरीने सहा लाखांचा दिसतोय, पण मंद दिवशी फक्त ८० हजारांचा होतो. माझी त्या शेअरमधली पूर्ण गुंतवणूक या ८० हजारांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे १६ हजारांपेक्षा जास्त ठेवायची नाही. पाचवा हिस्सा हे प्रमाण माझं स्वतःचं आहे, कुठल्या नियमात ते नाही. तुम्ही वेगळं धरा, पण आकडा मंद दिवसांचाच धरा.

फंडवाल्यांनाही हा हिशेब चुकलेला नाही. मार्च २०२४ पासून स्मॉलकॅप आणि मिडकॅप योजना दर महिन्याला जाहीर करतात की आपल्याकडचे पाव किंवा निम्मे शेअर विकायचे झाले तर किती दिवस लागतील. ज्यांच्याकडे विश्लेषकांची फौज आहे ते जर बाहेर पडायचे दिवस मोजत असतील, तर आपण पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

३. शेअरवर कुठली पाटी लागली आहे ते वाचा

एक्स्चेंज काही शेअरवर देखरेखीची पाटी लावतं. ती कंपनीच्या पानावर दिसते, बरेच ब्रोकर ऑर्डर टाकतानाही इशारा देतात. आपण घाईत ‘ठीक आहे’ दाबून पुढे जातो. जाऊ नका.

ट्रेड-टू-ट्रेड म्हणजे बीएसईवर टी गट आणि एनएसईवर बीई मालिका. इथे आज घेऊन आजच विकता येत नाही, प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी सक्तीची. बीएसईचा झेड गट म्हणजे नोंदणीच्या अटी न पाळणाऱ्या कंपन्या. निकाल वेळेवर न देणं, शुल्क न भरणं असली कारणं त्यामागे असतात. नवख्याने झेड गटाच्या वाटेला जाऊ नये, हे मी ठामपणे सांगतो.

एएसएम आणि जीएसएम या देखरेखीच्या दोन यंत्रणा. भाव आणि उलाढाल असाधारण हलली की शेअर एएसएममध्ये जातो. भाव कंपनीच्या आर्थिक तब्येतीशी अजिबात जुळत नसेल तर जीएसएममध्ये. २०२३ पासून अगदी छोट्या कंपन्यांसाठी ईएसएम ही तिसरी आली. टप्पा वाढत जातो तसे मार्जिन शंभर टक्के होणं (म्हणजे पूर्ण रक्कम आधीच भरावी लागणं), सर्किट आवळलं जाणं आणि वरच्या टप्प्यांत आठवड्यातून एकदाच व्यवहार होणं, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. यादीत नाव येणं म्हणजे कंपनीवर ठपका नव्हे, असं एक्स्चेंज स्वतःच स्पष्ट करतं आणि ते खरंही आहे. पण आपल्या दृष्टीने पाटी लागली की दार अरुंद झालं. कंपनी निर्दोष असली तरी.

४. मालक कोण आणि त्याने काय गहाण ठेवलंय

तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारणेचा तक्ता द्यावा लागतो. सहा तिमाहींचे तक्ते शेजारी शेजारी ठेवा आणि तीन आकडे वहीत उतरवा: प्रवर्तकांचा (म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा) हिस्सा, त्यातले तारण ठेवलेले शेअर, आणि सामान्य भागधारकांची संख्या.

प्रवर्तकांचा हिस्सा दर तिमाहीत थोडा थोडा खाली येतोय आणि त्याच वेळी सामान्य भागधारकांची संख्या झपाट्याने वाढतेय, हे चित्र दिसलं की मी वही मिटतो. मालक विकतोय आणि टिपवर आलेली माणसं घेतायत. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला, तो वाचण्यासारखा आहे. २०२२ च्या मध्यात यूट्यूबवर खोटे व्हिडिओ टाकले गेले, एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी घेणार आहे म्हणून. व्हिडिओंवर जाहिरातीचे पैसे ओतले गेले. थोड्याच काळात छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती ती पंचावन्न हजारांवर पोचली. त्या चढ्या भावात विकणाऱ्यांमध्ये काही प्रवर्तकही होते, असं आदेशात म्हटलंय. पंचावन्न हजार घरं! त्यातल्या प्रत्येकाला आपल्याला लवकर कळलं असंच वाटलं असणार.

तारण ठेवलेल्या शेअरचं भय वेगळं. भाव पडला की कर्ज देणारा ते शेअर बाजारात विकतो, त्यामुळे भाव आणखी पडतो आणि दारातली गर्दी वाढते. छोट्या कंपनीत प्रवर्तकांच्या हिश्श्यातला मोठा भाग तारण असेल तर मी पुढे वाचतच नाही.

प्रेफरन्शियल वाटप (निवडक लोकांना थेट नवे शेअर देणं) आणि वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) यांच्या घोषणाही पाहा. वॉरंट घेणारा सुरुवातीला २५ टक्केच रक्कम भरतो, बाकीची भरायला १८ महिने असतात. कुणाला, किती भावाला दिले आणि ते शेअर विकण्यावरची बंदी कधी उठते, या तारखा वहीत लिहून ठेवा. बंदी उठण्याच्या आधी अचानक ‘मोठी ऑर्डर मिळाली’ अशा बातम्या येऊ लागल्या तर सावध व्हा.

५. ताळेबंदात फक्त या ओळी आधी बघा

अख्खा अहवाल वाचायची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर एवढं तरी.

नफा आणि रोकड यांची तुलना करा. रोख प्रवाहाच्या तक्त्यात ‘कामकाजातून आलेली रोकड’ अशी ओळ असते. तीन वर्षं नफा दिसतोय आणि ही ओळ तिन्ही वर्षं उणे, तर नफा कागदावर आहे. त्याच्या शेजारी येणी बघा. विक्री वीस टक्क्यांनी वाढली आणि ग्राहकांकडून येणं दुप्पट झालं, तर माल खरंच विकला का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आमच्याकडे किराणा दुकानदारालासुद्धा हे कळतं: उधारीच्या वहीतला धंदा गल्ल्यात दिसत नाही तोवर तो धंदा नाही.

मग लेखापरीक्षकाचं मत. ते कंटाळवाणं असतं म्हणून लोक सोडून देतात, पण छोट्या कंपनीत सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद बहुधा तिथेच सापडतो. वर्षाच्या मधोमध लेखापरीक्षकाने राजीनामा दिला असेल तर त्याचं पत्र एक्स्चेंजवर शोधा. ‘व्यग्रतेमुळे’ एवढंच कारण असेल तर मला ते पुरत नाही.

आणि संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार. प्रवर्तकाच्या भावाच्या फर्मला बिनव्याजी कर्ज, पुतण्याच्या कंपनीकडून कच्चा माल, असलं काही मोठ्या रकमेत दिसलं की तुमचा पैसा कुठल्या वाटेने जाणार ते समजतं.

६. जमलं तर पत्त्यावर जाऊन या

हे लोकांना अतिरेकी वाटतं. पण आपण महाराष्ट्रात राहतो, बऱ्याच छोट्या कंपन्यांचे कारखाने चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा एमआयडीसींत असतात आणि नोंदणीकृत कार्यालयं मुंबईत. एसटीच्या किंवा लोकलच्या तिकिटात काम होतं.

मी माझ्या त्या कंपनीच्या पत्त्यावर गेलो, पण शेअर विकून झाल्यानंतर. व्यापारी संकुलातला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा होता. शटर बंद, कुलपावर गंज, आणि शटरखालून आत सरकवलेल्या पाकिटांचा ढीग बाहेर डोकावत होता. वरच्या पाकिटावर एका बँकेचा शिक्का होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, ‘महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन टपाल घेऊन जातं.’ अहवालात या कंपनीचे बेचाळीस कर्मचारी लिहिलेले होते. तिकीट आधी काढलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कारखाना असेल तर फाटकाशी दहा मिनिटं उभे राहा. ट्रक येतात का, पाळी सुटताना माणसं बाहेर पडतात का, समोरच्या चहावाल्याकडे त्यांची उधारी आहे का. आत शिरायची गरज नाही, कुणाला त्रासही द्यायचा नाही.

७. बातमी तुमच्यापर्यंत कशी आली?

ज्याच्याकडून टिप आली त्याला ती कुणी दिली, हे विचारा. दोन पायऱ्यांच्या पलीकडे उत्तर मिळत नाही.

पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याची सेबीकडे नोंदणी असावी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. क्रमांक सांगितला म्हणून विश्वास ठेवू नका, सेबीच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव जुळतंय का बघा. दुसऱ्याचा क्रमांक वापरणारे ग्रुपही असतात. आणि ‘खात्रीशीर परतावा’ असे शब्द ज्याच्या तोंडी येतात त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. शेअरमध्ये तशी खात्री देणं नियमाने चालत नाही.

कंपनीबद्दलची कुठलीही मोठी बातमी आधी एक्स्चेंजवर यायला हवी. व्हॉट्सॲपवर आहे आणि एक्स्चेंजवर नाही, तर ती बातमी नाही.

८. एसएमई मंचावरचे आयपीओ

छोट्या-मध्यम उद्योगांनी (एसएमई) लोकांना पहिल्यांदा शेअर विकावेत, म्हणजे आयपीओ आणावा, यासाठी बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज हे दोन मंच २०१२ पासून आहेत. छोट्या उद्योगांना भांडवल मिळावं हा हेतू चांगला आहे आणि तिथे प्रामाणिक कंपन्याही आहेत. पण नवख्याने दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. इथे शेअर लॉटमध्येच, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यातच, घ्यावे आणि विकावे लागतात. बाराशेचा लॉट असेल तर त्यातले दोनशे विकून मोकळं होता येत नाही. आणि किमान अर्जच आता दोन लाखांच्या वर जातो, म्हणजे चाचपून पाहण्यापुरते थोडे पैसे घालायची सोयच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका दुचाकी विक्रेत्याचा आयपीओ आला होता, रिसोर्सफुल ऑटोमोबाइल. दोन शोरूम, आठ कर्मचारी, मागणी जेमतेम १२ कोटींची. अर्ज आले साडेचार हजार कोटींहून जास्त रकमेचे. शेअर बाजारात आला तो ११७ रुपयांच्या मूळ भावालाच. त्याच महिन्यात सेबीने एसएमई शेअरबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली: काही कंपन्या कामकाजाचं खोटं गुलाबी चित्र रंगवतात, पाठोपाठ बोनस, विभाजन, वाटप जाहीर करतात आणि चढ्या भावात प्रवर्तक आपला हिस्सा विकतात. त्यानंतर डिसेंबरमध्ये ट्रॅफिकसोल या कंपनीचा जवळपास ४५ कोटींचा आयपीओ गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश झाला, कारण ज्या पुरवठादाराकडून सॉफ्टवेअर घेणार म्हणून पैसे मागितले होते तो पुरवठादारच पोकळ निघाला. तिथे शेअर बाजारात येण्याआधीच थांबवला गेला, म्हणून लोकांचे पैसे सुटले.

९. रक्कम ठरवा, तीही शून्य धरून

घेण्याआधी स्वतःला विचारा: हे सगळे पैसे उद्या गेले तर घरातलं कुठलं काम थांबेल? एखादं जरी काम डोळ्यासमोर आलं तरी रक्कम जास्त झाली. मुलांची फी, विम्याचा हप्ता, सहा महिन्यांचा घरखर्च यांना हात लावायचा नाही. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर तर अजिबात नाही. शून्य होणं ही अतिशयोक्ती नव्हे. कंपनी दिवाळखोरीत गेली की आधी धनकोंचे पैसे, मग उरलं तर भागधारकांचे. २०२१ मध्ये डीएचएफएलच्या भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही, आणि ती कंपनी तर छोटीही नव्हती.

आणखी एक आकडेमोड मनात पक्की असू द्या. शेअर ८० टक्के पडला तर मूळ भावाला यायला तो पाचपट व्हावा लागतो. म्हणून ‘खाली आणखी घेऊन सरासरी करू’ हा विचार छोट्या शेअरमध्ये घातक ठरतो. सरासरी खाली येते, पण अडकलेली रक्कम वाढते आणि दार होतं तेवढंच राहतं. मी तेव्हा १२ रुपयांना आणखी दोन हजार शेअर घ्यायला निघालो होतो. बायकोने हात धरला. ती म्हणाली, ‘आधी आहेत ते विकून दाखवा.’

सगळ्या बाजारालाही असे दिवस येतात. जानेवारी २०१८ मध्ये बीएसईचा स्मॉलकॅप निर्देशांक वीस हजारांच्या आसपास होता, मार्च २०२० मध्ये तो नऊ हजारांच्याही खाली होता. हा निर्देशांकाचा हिशेब झाला. त्यातले जे शेअर परत उठलेच नाहीत, ते तुमच्याकडे असू शकले असते.

१०. घेण्याआधीच विक्री लिहून ठेवा

वही लागते ती इथे. घेण्याच्या आदल्या रात्री एका पानावर लिहायचं: का घेतोय, कुठल्या कारणाने विकणार, नफ्यात किती भावाला निम्मे विकणार, आणि काय दिसलं तर भाव न बघता बाहेर पडणार. माझ्या पानावर शेवटच्या रकान्यात ठरलेली कारणं असतात: लेखापरीक्षकाचा राजीनामा, तारण वाढणं, निकाल लांबणं, शेअरला देखरेखीची नवी पाटी लागणं. यातलं एकही घडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर. हाताने लिहिलेलं नंतर गुपचूप बदलता येत नाही, खाडाखोड दिसते. मोबाईलमध्ये मी तीनदा बदललं होतं.

अप्पर सर्किट चालू असताना थोडे थोडे विकायला शिका. तेव्हा घेणाऱ्यांची रांग असते, तुमची ऑर्डर क्षणात जाते. नंतर भाव आणखी वर गेला तर चुटपुट लागते, ती सोसायची.

अडकलातच, तर रोज सकाळी शक्य तितक्या लवकर ऑर्डर टाका, रांगेत वेळेला किंमत आहे. दोन्ही एक्स्चेंजवर शेअर असेल तर दोन्हीकडची रांग बघा, कधी कधी एकीकडे खरेदीदार सापडतो. कंपनीने किंवा ब्रोकरने नियम मोडल्याची तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी द्या आणि मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंदवा, पुरावे म्हणून मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. भाव पडून झालेला तोटा मात्र तिथून भरून मिळत नाही.

११. तोटा विवरणपत्रात दाखवा

बरेच जण हे टाळतात. नफाच नाही तर दाखवायचं काय, असं वाटतं त्यांना. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा अल्पमुदतीच्या आणि दीर्घमुदतीच्या, दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा करता येतो. वर्षानंतर विकलेल्याचा तोटा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. त्या वर्षी नफा नसेल तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेलं हवं. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर अल्पमुदतीच्या नफ्याला २० टक्के कर आहे. दीर्घमुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वजावटीची किंमत यावरून लक्षात येईल.

ब्रोकरकडून आर्थिक वर्षाचं नफा-तोटा पत्रक उतरवून घ्या आणि ते कर सल्लागाराला द्या किंवा स्वतः भांडवली नफ्याच्या परिशिष्टात भरा. माझा त्या शेअरमधला त्रेचाळीस हजारांचा तोटा मी असाच दाखवला होता. नंतरच्या वर्षांत झालेल्या नफ्यातून तो थोडा थोडा वजा होत गेला. अजून सहा हजार शिल्लक आहेत, वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवलेत.